राब आणि स्फुरद

शिमगा उलटला की ठाणे-कुलाब्याच्या डोंगरपट्ट्यांत आणि घाटमाथ्यावरील मावळांत, शेतात भाताची एकही काडी उभी नसताना, पुढील सालच्या भाताची तयारी सुरू होते, आणि तिचा आरंभ नांगराने न होता आगीने होतो. ज्या तुकड्यात रोपे वाढवावयाची, त्यावर शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीच्या छाटलेल्या फांद्यांचा म्हणजे कवळाचा थर, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांत वर ढेकळे फोडून केलेल्या बारीक मातीचे पांघरूण, अशी रचना करून ती वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवितात. म्हणजे ज्वाळा न उठता आतल्या आत धुमसत राहून खालची माती दोन-चार बोटे खोल चांगली भाजून निघते. मृगाचा पाऊस पडला की त्या काळ्या राखेत धान पेरले जाते, तीन-चार आठवड्यांत जोमदार रोप तयार होते, आणि ते उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरांत लावले जाते. राबाचा तुकडा खाचरांच्या मानाने लहान, साधारण दहाव्या हिश्शाचा. पण त्याच्यासाठी तोडावा लागणारा पाला, साठवावे लागणारे शेण आणि डोक्यावरून वाहून आणावे लागणारे भारे यांचा हिशेब मांडला, तर कुणब्याच्या, आगऱ्याच्या किंवा ठाकराच्या उन्हाळ्यातील कष्टांचा मोठा वाटा या एवढ्याशा जागेवर खर्ची पडतो, असे दिसून येते.

या रिवाजाची मुळे किती जुनी आहेत हे सांगणारा लेख नाही. परंतु इंग्रजी अमलात जमाबंदीची पाहणी कोकणात झाली, तेव्हा तो इतका रुळलेला होता की त्याची दखल महसुलाच्या दफ्तरात घेणे भाग पडले. भाताच्या खाचरांना लागून असलेली, नाचणी-वरी पिकविणारी आणि राबासाठी गवत-पाला पुरविणारी जी डोंगरउताराची जमीन, ती 'वरकस' या नावाने वेगळी दाखल झाली व तिचा सारा वेगळा ठरला. खाचर आणि वरकस ही जोडी होती. एकाचा खातेदार दुसऱ्यावाचून निभावून नेऊ शकत नसे. वरकस अपुरी पडली की तो शेजारच्या रानातून कवळ आणी, आणि या वहिवाटीला कोणाची हरकत नसे, कारण ते रान तोपर्यंत कोणी मोजून, खुणा रोवून, पहारा बसवून ताब्यात घेतलेले नव्हते.

१८७८ च्या वनकायद्याने ही स्थिती पालटली. राखीव आणि संरक्षित जंगलांच्या हद्दी ठरू लागल्या, फांद्या छाटण्यावर बंदी किंवा मर्यादा आल्या, आणि जे काल वहिवाटीने मिळत होते ते आज परवान्याने, तेही मिळाले तर, मिळू लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचे अर्ज इतके गेले की मुंबई सरकारास १८८५ मध्ये एक वन-आयोग नेमून चौकशी करावी लागली. त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर आला. या चौकशीत राब हा कळीचा विषय होता. जंगलखात्याचे म्हणणे असे की दरसाल फांद्या उतरविल्याने झाडे खुरटतात, डोंगर उघडे पडतात, आणि हे सर्व केवळ एका अडाणी रूढीपायी होते. रयतेचे म्हणणे असे की राब नसेल तर रोप नाही, आणि रोप नसेल तर भात नाही. दोन्ही बाजूंचे कागद आज समोर ठेवून विचार केला, तर झाडांविषयी जंगलखात्याचे निदान चुकीचे नव्हते, हे मान्य करावे लागते. ऐनाची झाडे वरपासून खालपर्यंत सोललेल्या खांबांसारखी उभी असलेले डोंगर ज्याने पाहिले आहेत, त्याला याविषयी पुरावा मागण्याची गरज नाही. पण त्या झाडांच्या बदल्यात शेतकऱ्याला नेमके काय मिळत होते, याची किंमत करण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. आणि ज्या वस्तूची किंमत करता येत नाही, ती वस्तू सरकारी हिशेबात शून्य धरली जाते.

ती वस्तू, निदान तिचा एक महत्त्वाचा अंश, म्हणजे स्फुरद.

वनस्पतीला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन द्रव्ये मुख्यत्वे लागतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु या तिघांत स्फुरदाचा स्वभाव अगदी निराळा आहे. नत्र हवेतून येते, पाण्याबरोबर वाहून जाते, धुरावाटे उडते. स्फुरद मात्र जमिनीत पडला की जागचा हलत नाही. त्याची उणीव भासते ती तो थोडा असतो म्हणून क्वचितच. बहुधा तो असूनही मिळत नाही म्हणून. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात, मातीतील प्रमाण शेकडा ०.०५ धरले, तर सुमारे हजार किलो स्फुरद असतो. भाताच्या चांगल्या पिकाला त्यांतले दहा-पंधरा किलो पुरतात. असे असूनही पीक उपाशी राहते, कारण मुळांना घेता येतो तो फक्त पाण्यात विरघळलेला स्फुरद, आणि त्या सबंध हेक्टरातील ओलीत एका वेळी तो काही तोळ्यांच्या वर सहसा नसतो. मुळे तेवढे शोषून घेतात, मातीचे कण आपल्यातील थोडा सोडून ती तूट भरून काढतात, पुन्हा मुळे शोषतात. हा व्यवहार हंगामभरात शेकडो वेळा घडावा लागतो, आणि तो किती जलद घडेल हे मातीच्या रसायनावर अवलंबून असते. सावकाराच्या तळघरात हजार रुपये पुरलेले असावेत आणि कुळाच्या हाती रोज एक पै पडावी, तशी ही स्थिती होय.

कोकणच्या मातीत ती एक पैही मोठ्या कष्टाने सुटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याची माती आहे; फ्रान्सिस बुखानन यांनी मलबारात अशाच दगडाचे वर्णन करून १८०७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. ठाणे-कुलाब्याकडे जांभा कमी, तेथे काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली तांबूस, मुरमाड माती अधिक. तरी दोन्हींची घडण एकाच कारणाने झाली आहे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस हजारो वर्षे मातीतील चुना, मॅग्नेशिया, पालाश असली विद्राव्य द्रव्ये धुऊन समुद्रात नेतो. मागे उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगे, आणि मातीचा सामू सहाच्या खाली, कोठे पाचाच्या आसपास येऊन ठेपतो. माती अशी आम्ल झाली की लोह-ॲल्युमिनियमच्या कणांची पृष्ठे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. आरंभी ती पकड वरवरची असते, पण दिवस जातील तसा स्फुरद कणाच्या आत शिरतो आणि पिकाच्या आयुष्यात पुन्हा बाहेर येण्याची आशा उरत नाही. सामू साडेपाचाच्या खाली गेला तर ॲल्युमिनियम स्वतःच विरघळू लागते आणि कोवळ्या मुळांची वाढ खुंटविते, म्हणजे शोधणारा हातच अधू होतो.

आता राबाकडे पुन्हा पाहावे. भाताच्या दाण्यात स्फुरदाची थोडी शिदोरी असते. तिच्यावर अंकुर आरंभीचे काही दिवस काढतो. त्यानंतर त्याला स्वतःच्या मुळांवर अवलंबून राहावे लागते, आणि ती मुळे त्या वेळी बोटभरही नसतात. स्फुरद मातीत काही मिलिमीटरांहून अधिक अंतर चालून येत नाही, म्हणून मुळे लहान असताना तो मुळांच्या अगदी लगत असावा लागतो. रोपाच्या आयुष्यातील ही सर्वांत नाजूक घटका होय. या वेळी उपासमार झाली तर पान अरुंद आणि गडद पडते, फुटवे कमी येतात, आणि पुढे कितीही खत घातले तरी ही तूट भरून निघत नाही. शेतकरी नेमक्या या घटकेसाठी, नेमक्या या लहान जागेत, आपल्या वरकसवरचा आणि रानातला सगळा स्फुरद आणून ओतत होता. ऐनाची मुळे खोल जातात आणि खडकाच्या भेगांतून जो थोडाथोडका स्फुरद वर आणतात, तो पानांत साठतो. गुरे डोंगरभर चरतात आणि त्यांच्या शेणातून तो गोठ्यात येतो. गवत आणि पातेरा यांच्यावाटेही तोच येतो. जळताना त्यांतले नत्र बहुतांशी धुराबरोबर निघून जाते, आणि जुन्या टीकाकारांनी राबावर ठेवलेला हा आरोप खरा आहे. परंतु धुमसत्या राबाच्या उष्णतेत स्फुरद उडून जात नाही, तो राखेत उरतो. शिवाय राख स्वतः क्षारधर्मी असते. तिच्यातील चुना आणि पालाशक्षार मातीचा आम्लपणा त्या दोन-चार बोटांच्या थरापुरता कमी करतात, ॲल्युमिनियमचा उपद्रव थांबवितात आणि लोहाची पकड सैल करतात. धगीमुळे मातीतील सेंद्रिय अंशात अडकलेला स्फुरद मोकळा होतो, आणि तणाचे बी जळून जाते, म्हणून रोपाला वाटेकरीही उरत नाहीत.

एवढे एका कृतीत साधावे, हे पाहून मन थक्क होते. पण या पद्धतीतील दुसरा भाग त्याहून विलक्षण आहे. रोप राबात वाढते ते कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीत. पुढे ते लागते ते पाणी तुंबलेल्या चिखलात. पाण्याखाली गेलेल्या मातीत काही दिवसांतच प्राणवायू संपतो, आणि तेथील सूक्ष्मजीव श्वसनासाठी लोहाच्या तांबड्या संयुगांचा उपयोग करू लागतात. त्यामुळे लोहाचे रूप पालटते, ते विरघळते, आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो. त्याच वेळी आम्ल मातीचा सामू आपोआप सहा-सातापर्यंत चढतो. श्रीलंकेत जन्मलेले आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आयुष्य वेचलेले फेलिक्स पोन्नमपेरुमा यांनी या साऱ्या प्रक्रियेची सांगोपांग मांडणी १९७२ मध्ये केली. तिच्या प्रकाशात कोकणातील विभागणीचा अर्थ स्पष्ट होतो. खाचरात पाणी स्वतःच स्फुरद सोडविते, म्हणून तेथे राखेची गरज थोडी. रोपाच्या कोरड्या जागेत ते साहाय्य नसते, म्हणून तेथेच सगळी राख. खाचरांवर पाला जाळण्याचा प्रघात पडला नाही आणि रोपाच्या तुकड्यावर पडला, याला केवळ पाल्याची टंचाई हे कारण पुरे पडत नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या रोपे पाहिली, त्यांनी फरक पाहिला आणि तो पाळला.

खाचर कार्तिकात सुकले की हेच रसायन उलट फिरते. लोह पुन्हा तांबडे होते आणि सुटलेल्या स्फुरदाला पूर्वीपेक्षाही घट्ट आवळते, म्हणून भातामागून घेतलेल्या पिकाला त्याची चणचण भासते. बांधावर तूर लावण्याच्या कोकणी चालीचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही: हैदराबादजवळील पाटणचेरू येथील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले की तुरीची मुळे अशी आम्ले स्रवतात की जी लोहाशी जखडलेला स्फुरद सोडवून घेतात. हेच सामर्थ्य ज्वारीला नाही, मक्याला नाही.

घाट उतरण्याऐवजी पूर्वेकडे चालू लागले की पाऊस ओसरतो आणि माती काळी होते. येथे आम्लपणाची जागा चुन्याने घेतलेली असते. देशावरील काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे नांगराला लागतात आणि सामू आठाच्या वर जातो. येथे स्फुरद लोहाकडून सुटतो, पण चुन्याच्या हाती सापडतो आणि पायरीपायरीने अधिकाधिक कठीण अशा संयुगांत बांधला जातो. म्हणजे डोंगराच्या एका अंगाला एक पहारेकरी आणि दुसऱ्या अंगाला दुसरा, अशी महाराष्ट्राची व्यवस्था आहे. सामू सहा ते सात यांच्या दरम्यानची जी अरुंद वाट, तेथेच काय तो मोकळेपणा. देशावर रानाची वाण असल्यामुळे तेथील शेतकऱ्याने राब न लावता शेतात मेंढ्या बसवून घेतल्या. आणि फलटण वगैरे कोरड्या मुलखांतील धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरत, खाचरांत मेंढरे बसवीत आणि मोबदल्यात भात घेत, तेव्हा एका मातीतील गवताचा स्फुरद दुसऱ्या मातीत चालत जात असे.

शास्त्राला हे सर्व उलगडावयास किती वेळ लागला, हे पाहण्यासारखे आहे. लीबिग यांनी १८४० मध्ये हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करण्याची सूचना केली. लॉझ यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढल्याच वर्षी गिल्बर्ट यांच्यासह रोथॅमस्टेड येथील प्रयोगांना आरंभ केला. विद्राव्य स्फुरद तयार झाला आणि लोकांना वाटले, प्रश्न सुटला. परंतु १८५० मध्ये टॉमस वे यांनी माती पाण्यातील द्रव्ये शोषून धरून ठेवते हे सप्रयोग सिद्ध केले, आणि हळूहळू ध्यानात आले की बाटलीत विरघळणारा स्फुरद मातीत विरघळलेला राहत नाही. घातलेल्या खतातील शेकडा दहा ते पंचवीस एवढाच अंश पहिल्या पिकाच्या वाट्याला येतो. मग एकंदर स्फुरद मोजण्याऐवजी पिकाला मिळू शकणारा स्फुरद मोजण्याची धडपड सुरू झाली. बर्नार्ड डायर यांनी १८९४ मध्ये त्यासाठी सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाची रीत सुचविली. आम्ल मातीसाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांची रीत १९४५ मध्ये आली, चुनखडीच्या मातीसाठी ऑल्सेन यांची १९५४ मध्ये. याचा अर्थ असा की वन-आयोगापुढे रयत जबान्या देत होती, तेव्हा तिच्या बाजूचा मुख्य साक्षीदार जन्मलाही नव्हता.

तरी त्या काळी रयतेची कड घेणारे, निदान तिचे ऐकून घेणारे, तज्ज्ञ होते हे नमूद केले पाहिजे. १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आलेले आणि वर्षभर प्रवास केलेले रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या कौशल्याची मोकळ्या मनाने वाखाणणी केली, आणि सरपण नाही म्हणून शेण जळते हे ओळखून सरपण-वैरणीसाठी राने राखण्याची शिफारस केली. त्यानंतर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर यांच्यासह १९१२ मध्ये राबावर एक स्वतंत्र ग्रंथिका प्रसिद्ध केली. राबाचा गुण राखेत किती आणि धगीत किती, हा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीला लावण्याची बुद्धी या तिघांना झाली, ही त्या कॉलेजच्या इतिहासातील मला सर्वांत स्पृहणीय वाटणारी गोष्ट आहे. कारण रूढी खोटी ठरविण्यासाठी प्रयोग करणारे पुष्कळ असतात. ती काय करते हे जाणून घेण्यासाठी प्रयोग करणारे थोडे. याच मॅन यांनी पुढे पुण्याजवळील एका खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि जमिनीच्या तुकड्यांचा हिशेब मांडला, आणि दुसऱ्या खेड्याच्या पाहणीत, १९२१ मध्ये, कानिटकर त्यांचे सहलेखक होते.

राब आज पुष्कळ ओसरला आहे. वरकस जमिनी विकल्या गेल्या, गुरे घटली, कवळ तोडावयास माणूस मिळत नाही, आणि सुपरफॉस्फेटची गोणी बाजारात मिळते. डोंगरांना त्यामुळे थोडा विसावा मिळाला असेल तर त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु गोणीतील स्फुरद खाचरभर उधळला म्हणजे काम झाले, असे मानणे आम्ल मातीत फार महागात पडते, कारण तो जितका पसरावा तितका लोहाच्या अधिक कणांना भेटतो आणि तितकाच लवकर अडकतो. डॉ. एन. के. सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भातशेतीत या गोष्टीची जाण दिसते. तिच्यात रोपाच्या वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळावयाची असते, लावणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडावयाचा असतो, आणि युरिया व डीएपी यांच्या दाबून केलेल्या गोळ्या, चार चुडांच्या मध्ये एक याप्रमाणे, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचावयाच्या असतात. गोळीभोवतीच्या मूठभर मातीला स्फुरद इतका पुरतो की तेथील लोहाची भूक भागून उरलेला मुळांच्या वाट्याला येतो. आणि बांधावर लावलेले गिरिपुष्प दरसाल छाटून पुन्हा फुटते, त्यासाठी डोंगरावरच्या ऐनाला हात लावावा लागत नाही.